‘बेसामे मूचो’ इतकं टिकतं कशामुळे?

मेक्सिकोतल्या कोन्सुएलो वेलास्केस या पियानोवादक बाईंनी १९४० च्या सुमारास एक गाणं केलं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. ‘बेसामे मूचो’, म्हणजे ‘मला खूप चुंबनं दे’. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत ते डान्स बँडनी वाजवलं, जॅझवाल्यांनी उचललं, रॉक गटांनी पळवलं, ऑपेराच्या गायकांनी भरघोस आवाजात गायलं. सर्वाधिक वेळा ध्वनिमुद्रित झालेल्या स्पॅनिश गाण्यांत त्याचं नाव नेहमी घेतलं जातं.

एखादं गाणं का टिकलं असं विचारलं की ‘भावना उत्कट आहेत’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. पण उत्कट भावनांची गाणी ढिगाने असतात आणि दोन वर्षांत विरूनही जातात. या गाण्याचं खरं बळ त्याच्या बांधणीत आहे. त्यात फार थोडं सामान वापरलंय, ते नेमक्या जागी ठेवलंय, आणि मध्ये गाणाऱ्यासाठी भरपूर मोकळी जागा सोडली आहे. म्हणूनच लय, वाद्यं, भाषा, आवाज यांतलं काहीही बदललं तरी गाणं ओळखू येतं. ही बांधणी उलगडून बघू. ज्यांना गाणं गायचंय किंवा साथीला बसायचंय, त्यांच्यासाठी नेमकं काय बिघडतं तेही सांगतो.

बोलेरो म्हणजे काय

‘बेसामे मूचो’ हा बोलेरो आहे, आणि इथे पहिला गोंधळ होतो. बोलेरो म्हटलं की अनेकांना रावेल या फ्रेंच संगीतकाराची १९२८ ची ऑर्केस्ट्राची रचना आठवते. तो बोलेरो वेगळा. तो स्पेनमधल्या जुन्या नाचाच्या घराण्यातला, तीन मात्रांचा. आपण ज्याबद्दल बोलतोय तो क्यूबात जन्मलेला, दोन किंवा चार मात्रांचा, संथ प्रेमगीताचा प्रकार. नाव एक असलं तरी ठेका एक नाही.

क्यूबाच्या पूर्व टोकाला सांतियागो दे कूबा हे शहर आहे. तिथे गिटार घेऊन गाणी रचणाऱ्या, फिरत्या गायकांची परंपरा होती. त्यांच्यातले पेपे सांचेस पेशाने शिंपी. त्यांची १८८३ च्या सुमाराची ‘त्रिस्तेसास’ ही रचना पहिला बोलेरो मानली जाते. त्या सुरुवातीच्या बोलेरोंत ‘सिंकियो’ नावाचा पाच आघातांचा आकृतिबंध ठळक असायचा. आठ मात्रा मोजा आणि पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर टाळी द्या. दोन-एक-दोन-एक-दोन अशी ही लचक आफ्रिकी वळणाची. हैतीतल्या उठावानंतर जे लोक पूर्व क्यूबात येऊन वसले, त्यांच्यासोबत ती तिकडे रुजली असं मानतात.

क्यूबातून हा प्रकार समुद्रमार्गे मेक्सिकोच्या युकातान भागात पोहोचला आणि तिथून राजधानीत. या प्रवासात सिंकियो मागे पडला, ठेका सपाट आणि मऊ झाला, आणि शब्द पुढे आले. मग आला रेडिओ. १८ सप्टेंबर १९३० ला मेक्सिको सिटीत एक्सईडब्ल्यू हे केंद्र सुरू झालं आणि त्याच्या जबरदस्त प्रक्षेपणामुळे बोलेरो देशाबाहेरही घराघरांत गेला. आगुस्तीन लारा यांच्यासारखे रचनाकार याच केंद्राने मोठे केले.

रेडिओचं दुसरं देणं म्हणजे मायक्रोफोन. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तर छाती भरून गावं लागतं. मायक्रोफोनसमोर कुजबुजलं तरी चालतं. बोलेरोचा सगळा जीव या जवळिकीत आहे: एक माणूस, एका माणसाशी, हळू आवाजात बोलतोय. घरातल्या रेडिओसंचातून तो आवाज यायचा तेव्हा ऐकणाऱ्याला ते बोलणं आपल्याशीच चाललंय असं वाटायचं. हे तंत्र हाताशी नसतं तर ‘बेसामे मूचो’सारखं गाणं सुचलंही नसतं.

बाईंच्या हातातला पियानो

कोन्सुएलो वेलास्केस यांचा जन्म हालिस्को राज्यातल्या सिउदाद गुस्मान या गावचा. शिक्षण शास्त्रीय पियानोचं. मेक्सिको सिटीतल्या एक्सईक्यू या रेडिओ केंद्रावर त्या शास्त्रीय पियानो वाजवत. लोकप्रिय गाणी रचणं हा त्यांचा बाजूचा उद्योग होता, पण नाव झालं ते त्यानेच. हे गाणं लिहिलं तेव्हा आपण कुणाचं चुंबन घेतलेलंही नव्हतं, असं त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. गाण्यातली ओढ अनुभवातून आली नव्हती, कल्पनेतून आली होती. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण गाण्यात कुणाही विशिष्ट माणसाचा तपशील नाही आणि त्यामुळे ते कुणालाही आपलंसं करता येतं.

त्यांच्या शास्त्रीय शिक्षणाची खूण चालीत उरली आहे. स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानादोस यांनी १९११ मध्ये ‘गोयेस्कास’ ही पियानोसाठीची मालिका रचली. तिच्यात एका तरुणीची आणि बुलबुलाची रचना आहे, ‘केहास, ओ ला माहा इ एल रुइसेन्योर’. तिच्यातली मुख्य सुरावट आणि ‘बेसामे मूचो’ची सुरुवात लागोपाठ ऐका. साम्य कानाला लगेच लागतं. प्रेरणा तिथली आहे हे सर्रास मान्य केलं जातं. पण ग्रानादोस यांची सुरावट पियानोच्या वेलबुट्टीत गुंतलेली, तर बाईंनी तिला सरळ, गाता येण्याजोगं रूप दिलं. ही निवडही कसब मागते.

पुढे त्यांनी ‘आमार इ बिबिर’, ‘बेरदाद आमार्गा’, ‘काचितो’ अशी अनेक लोकप्रिय गाणी केली. काही काळ त्या मेक्सिकोच्या संसदेतही होत्या. जानेवारी २००५ मध्ये मेक्सिको सिटीत त्यांचं निधन झालं.

शब्द किती कमी

गाण्याचा आशय तीन-चार वाक्यांत संपतो. मला खूप चुंबनं दे, जणू आजची रात्र शेवटचीच. तुला नंतर गमावून बसेन अशी मला भीती आहे. तुला अगदी जवळ धरायचं आहे, तुझ्या डोळ्यांत स्वतःला पाहायचं आहे. आणि विचार कर, उद्या कदाचित मी इथून फार लांब असेन.

बस. चंद्र नाही, फुलं नाहीत, गाव नाही, नाव नाही. ताटातूट का होणार तेही सांगितलेलं नाही. आजार आहे, युद्ध आहे, घरच्यांचा विरोध आहे की फक्त भीती, काही कळत नाही. शिवाय धृवपदात ‘तू जाशील’ अशी भीती आहे आणि अंतऱ्यात ‘मी जाईन’ असं म्हटलंय. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या आहेत. ऐकणारा आपलं कारण त्यात घालतो.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. मूळ स्पॅनिश शब्दांत बोलणारा पुरुष की स्त्री, ऐकणारा पुरुष की स्त्री, हे दाखवणारं एकही रूप नाही. स्पॅनिशमध्ये विशेषणांना लिंग असतं, पण या गाण्यात तसं विशेषणच येत नाही. त्यामुळे एक अक्षरही न बदलता कुणीही ते कुणालाही उद्देशून गाऊ शकतं. इतक्या वेगवेगळ्या गायक-गायिकांनी ते उचललं यामागे हे साधं व्याकरणाचं कारणही आहे.

काळाचा योग असा की गाणं आलं आणि दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. सनी स्कायलर यांनी इंग्रजी शब्द केले, मुख्य ओळ मात्र स्पॅनिशच ठेवली. जिमी डॉर्सी यांच्या ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण, बॉब एबरली आणि किटी कॅलन यांच्या आवाजात, १९४४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘उद्या कदाचित मी लांब असेन’ ही ओळ त्या वर्षी लाखो घरांत अक्षरशः खरी होती.

चाल आणि कॉर्ड, आपल्या स्वरांत

गाणं बऱ्याचदा डी मायनरमध्ये वाजवतात, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोन षड्ज. मुख्य स्वर असे: सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, शुद्ध नी. हे सप्तक किरवाणीचं. किरवाणी ज्यांच्या कानात बसलेला आहे त्यांना हे गाणं पहिल्याच ऐकण्यात जवळचं वाटतं त्याचं कारण हेच. मात्र हा राग नव्हे. इथे स्वर कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाच्या, मागे जातात, आणि दोन ठिकाणी सप्तकाबाहेर पाऊल पडतं. गाण्याचा खरा रंग त्या दोन ठिकाणी आहे.

सुरुवात डी मायनरवर, म्हणजे सा, कोमल ग, प. ‘मूचो’ या शब्दाशी कॉर्ड जी मायनर होते: म, कोमल ध, सा. मग ए सेव्हन, म्हणजे प, शुद्ध नी, रे, म, आणि ओळ परत षड्जावर. इथवर सगळं सप्तकात आहे.

आता तेच शब्द दुसऱ्यांदा येतात. या वेळी खाली डी सेव्हन येते: सा, शुद्ध ग, प, कोमल नी. कोमल गंधाराच्या जागी अचानक शुद्ध गंधार. क्षणभर उजेड पडतो, आणि हा शुद्ध गंधार लगेच मध्यमाकडे ढकलतो, म्हणजे परत जी मायनरवर. शब्द तेच असले तरी मागणी आता वेगळी वाटते, जास्त निकराची. हा बदल शब्दांनी केलेला नाही, खालच्या एका स्वराने केलेला आहे.

दुसरी जागा शेवटच्या ओळीत, गमावण्याची भीती बोलून दाखवताना. तिथे ई सेव्हन येते: रे, तीव्र म, शुद्ध ध, सा. तीव्र मध्यम पंचमाकडे ओढतो, मग ए सेव्हन, आणि मग षड्ज. अंतरा जी मायनरने सुरू होतो, डी मायनर, ए सेव्हन, डी मायनर असा फिरतो, आणि दुसऱ्या फेरीत जी मायनर, डी मायनर, ई सेव्हन, ए सेव्हन असा लोंबकळत थांबतो. अंतरा पूर्ण होत नाही, तो धृवपदाच्या दारात आणून सोडतो. म्हणून तिथून ‘बेसामे’ पुन्हा येतं तेव्हा ते हवंसंच वाटतं.

साथीदारांच्या नेहमीच्या चुका इथेच होतात. कीबोर्डवाला ई सेव्हन गाळून सरळ ए सेव्हन धरतो. गाणं चालतं, पण भीतीच्या शब्दाखालची जमीन सरकत नाही. पेटीवाला सवयीने कोमल गंधार दाबून ठेवतो आणि डी सेव्हनच्या शुद्ध गंधाराशी त्याची टक्कर होते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तानपुऱ्याचं ॲप लावणं. सततचा षड्ज ए सेव्हनमधल्या शुद्ध निषादाला खुपतो, आणि सततचा पंचम ई सेव्हनमधल्या तीव्र मध्यमाला. हे गाणं खर्ज बदलत जाणारं आहे. एका षड्जाला बांधलं की त्याचा श्वास कोंडतो. तानपुरा बंद ठेवा, बास चालू ठेवा.

ठेका

बोलेरोची चार मात्रांची चौकट घ्या आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा. आठ जागा झाल्या. माराकास, म्हणजे हातात धरून हलवायचे दाणेदार खुळखुळे, यातल्या सात जागी वाजतात. पहिल्या मात्रेवर एक, मग तिच्या दुसऱ्या अर्ध्यात काहीच नाही, आणि पुढे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मात्रेला दोन-दोन. एक, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि. ‘एक’च्या पाठोपाठची ही रिकामी अर्धी मात्रा म्हणजेच बोलेरो. सम पडते, क्षणभर सगळं थबकतं, मग चाल पुढे सरकते.

बास त्याहून कमी वाजतो: पहिल्या मात्रेवर लांब, मग तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एकेक. दुसरी मात्रा बासला निषिद्ध समजा. बोंगोवर ‘मार्तियो’ नावाचा सलग ठोका चालतो, बोटांनी आठही जागा हलक्या भरत, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किंचित जोर, आणि चौथ्या मात्रेला मोठ्या बोंगोवर खोल ठोका. तो खोल ठोका पुढच्या समेकडे हात दाखवतो.

गिटार एकटीच असेल तर अंगठ्याने पहिल्या मात्रेला खर्जाची तार वाजवा आणि तिथेच थांबा. मग दुसऱ्या मात्रेपासून बोटांनी सहा हलके आघात. नवखे वादक पहिल्या मात्रेनंतरची जागा भरून टाकतात, आणि गाणं बोलेरोचं राहत नाही, कुठल्याही कॅम्पफायरचं होतं.

तबल्यावर साथ करायची तर हात आपोआप केरव्याकडे जातो. आठ मात्रांचा हिशेब जुळतो, पण केरव्याचा ‘धागेनतिनकधिन’ ती रिकामी जागा लगेच ‘गे’ने भरून काढतो. उपाय सोपा आहे. ‘गे’ गाळा, डग्गा फक्त समेला आणि बोलेरोच्या तिसऱ्या, चौथ्या मात्रेच्या जागी ठेवा, आणि चाट हलकी, सरळ ठेवा. घुमारा आणि मिंड टाळा, बोलेरोचा बास कोरडा असतो.

लय मिनिटाला ९० ते १०५ ठोक्यांच्या आसपास ठेवली तर ठेका आपसूक चालतो. ६० वर आणली की रिकामी जागा भोकासारखी दिसते आणि साथीदार अस्वस्थ होऊन तिथे काहीतरी वाजवू लागतात. १२५ च्या पुढे गेलं की गाणं चाचाचा होतं. तसं करायचंच असेल तर ठरवून करावं.

तीन गिटारींच्या त्रिकुटाची जी धाटणी आज ‘खरा बोलेरो’ म्हणून ओळखली जाते ती थोडी नंतरची. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्रिओ लोस पांचोस जमलं. त्यांच्यातले आल्फ्रेदो खिल यांनी ‘रेकिंतो’ ही छोटी गिटार पुढे आणली. तिच्या तारा नेहमीच्या गिटारीपेक्षा चार स्वर चढ्या, म्हणजे सा ते म एवढ्या अंतराने वर लावलेल्या. गाण्याच्या आधीची आणि दोन ओळींमधली ती चकाकती, घरंगळती सुरावट रेकिंतोची असते. साधी गिटार पाचव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून वाजवली तर त्याच स्वरस्थानी जाता येतं. टणत्कार तेवढा येत नाही, पण काम भागतं.

गाताना

पट्टी ठरवताना आधी गाण्यातली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जागा गुणगुणून पाहा. खालची जागा बोलल्यासारखी, सहज निघाली पाहिजे. वरच्या जागेसाठी पट्टी चढवली आणि खाली आवाज हवेत विरला, तर हे गाणं गेलं, कारण ते राहतं खालच्या आवाजात.

मग उशीर. बोलेरो गाणारा शब्द समेवर टाकत नाही, जरा मागाहून टाकतो आणि ओळीच्या शेवटी वेळ भरून काढतो. आपल्याकडे ठुमरी, भावगीत गाणाऱ्यांना ही खेच नवी नाही. पण एक अट आहे: खेचायचं फक्त गायकाने. बास आणि माराकास गायकासाठी थांबले की चार ओळींत लय खाली येते आणि सगळेच एकमेकांची वाट पाहत बसतात. सरावाला मोबाइलवरचा मेट्रोनोम लावा, पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्या आणि त्यावर ओळ मागे-पुढे सरकवून पाहा. टाळी न चुकता शब्द मोकळे सोडता आले की निम्मं काम झालं.

उच्चारात मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. स्पॅनिश त, द आपल्यासारखेच दंत्य असतात, आणि त, प, क हवा न सोडता उच्चारायचे असतात. इंग्रजी वळणाची जीभ तिथेच अडते. पण दोन सापळे आहेत. ‘मूचो’तला च ‘चहा’तला, ‘चिमणी’तला, ‘चोर’ किंवा ‘चमचा’तला नाही. देवनागरीत ‘चो’ लिहिलं की मराठी डोळा तो ‘चोर’सारखा वाचतो, तेव्हा सावध. दुसरं, ‘बेसामे’त जोर पहिल्या अक्षरावर आहे. ‘सा’ पूर्ण आकारी, पण आखूड. ‘बेसाऽऽमे’ असं मध्येच ताणलं की शब्द मोडतो.

स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीचा स्वर एका श्वासात मिसळतात. ‘फ्वेरा एस्ता’ हे गाताना ‘फ्वेराएस्ता’ होतं आणि तिथल्या दोन स्वरांना एकच सूर मिळतो. ‘म्येदो आ’ तसंच. प्रत्येक अक्षर सुटं केलं की अक्षरं जास्त होतात, सूर कमी पडतात, आणि गायक घाईला येतो. पुष्कळांना ओळ ‘बसत नाही’ ती यामुळे. लॅटिन अमेरिकेत ‘झेड’चा उच्चार ‘स’ आणि ‘व्ही’चा ‘ब’, म्हणून ‘शेवटची वेळ’मधल्या ‘वेळ’साठीचा स्पॅनिश शब्द ‘vez’ हा ‘बेस’ असा म्हणायचा.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र आवरण्याची आहे. पहिल्याच ‘बेसामे’ला सगळं रडू ओतलं तर डी सेव्हनच्या वळणाला द्यायला काही उरत नाही. पहिली वेळ विनंती, दुसरी वेळ निकड, अंतरा बोलणं, आणि परतीची वेळ पुन्हा हळू. आवाज वाढवण्याची जागा एकच, आणि ती अंतऱ्याच्या शेवटी.

इतकं बदलूनही

बांधणी किती तग धरते हे पाहायचं तर काही ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐकावीत. चिलीचे लूचो गातिका यांचं १९५० च्या दशकातलं गाणं मखमली आणि सरळ. द कोस्टर्स या अमेरिकी गटाने १९६० मध्ये त्याला उडतं, खेळकर केलं. तिथूनच ते बीटल्सकडे आलं. १ जानेवारी १९६२ ला डेक्का कंपनीसमोर दिलेल्या चाचणीत आणि ६ जून १९६२ ला ईएमआयच्या स्टुडिओत त्यांनी ते वाजवलं. दोन्ही वेळी ड्रमवर पीट बेस्ट होते. तिथे बोलेरोची ती रिकामी जागा नाहीच, तरी गाणं ओळखू येतं. कॉर्डची वाट तीच राहिली आहे.

दुसऱ्या टोकाला ब्राझीलचे झुआंव झिल्बेर्तो. १९७७ च्या ‘आमोरोझो’ या अल्बममध्ये त्यांनी ते आठ मिनिटांहून जास्त लांबवलं, जवळजवळ पुटपुटत, हातात गिटार आणि मागे क्लाउस ओगरमान यांनी मांडलेली तंतुवाद्यं. ओगरमान यांनीच पुढे २००१ मध्ये डायना क्रॉल यांच्यासाठी त्याची मांडणी केली. आधी झिल्बेर्तो, मग क्रॉल असं ऐकलं तर एकाच माणसाने चोवीस वर्षांनी त्याच कॉर्डकडे कसं पाहिलं ते कळतं. सेझारिया एवोरा यांच्या आवाजात गाणं बंदरावरच्या विरहाचं होतं. मेक्सिकोचे लुइस मिगेल यांनी १९९१ च्या ‘रोमान्स’ या अल्बमने तरुण पिढीला बोलेरोकडे वळवलं आणि १९९७ च्या ‘रोमान्सेस’मध्ये हेही गाणं घेतलं. आंद्रेया बोचेल्ली यांनी २००६ मध्ये ते ऑपेराच्या भरघोस आवाजात गायलं. मला ते जरा जास्त भरलेलं वाटतं, कुजबुज हरवते. पण चाल तेही पेलते.

डिसेंबर २०२३ मध्ये क्यूबा आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या अर्जावरून युनेस्कोने बोलेरोची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

आपल्याकडे हे ताल मुख्यतः गोव्याच्या वादकांमुळे आले. मुंबईच्या हॉटेलांतले डान्स बँड गोवेकरांच्या जोरावर चालत, आणि तेच वादक दिवसा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त (१९५१) ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. तिथले लॅटिन ताल ऐकले की हा धागा कुठून कुठे आला ते समजतं. गोव्याचा मांडोही संथ आणि विरहाचा, पण तो तीनच्या वजनाचा, त्याची नाळ वेगळी.

कार्यक्रमात घेणार असाल तर

गाणं जुनं आहे म्हणून हक्कमुक्त आहे असं समजू नका. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे या गाण्याच्या बाबतीत २०६५ च्या अखेरपर्यंत. मेक्सिकोत ही मुदत १०० वर्षांची आहे. तिकीट लावून किंवा सार्वजनिक जागी कार्यक्रम असेल तर आयोजकाने आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना घेतला आहे ना, एवढं पाहा. मराठी शब्द घालून ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ते रूपांतर ठरतं, आणि त्यासाठी प्रकाशकाची वेगळी परवानगी लागते. ती आधी घ्या, रेकॉर्डिंग नंतर.

आणि शेवट ठरवून ठेवा, कारण मंचावर तोच सर्वांत जास्त फसतो. शेवटची ओळ दोनदा घ्यायची प्रथा आहे. पहिल्या वेळी लयीत, दुसऱ्या वेळी फक्त शेवटच्या ए सेव्हनवर लय सोडायची. गायकाने मान हलवून इशारा द्यायचा, बासने षड्ज एकदाच लावायचा, गिटारने डी मायनरमध्ये शुद्ध धैवत मिसळून एक आघात करायचा, आणि सगळ्यांनी तार हाताने दाबून एकदम थांबायचं.